विसाव्या बाईचे बारा टक्के

एकोणिसापर्यंत मोजणं ही माझी नोकरी होती. बारा वर्षं मी ती इमानाने केली. पुढचे आकडे मला येत नव्हते असं नाही. वाणिज्य शाखेची पदवी आहे माझ्याकडे, भिंतीवर लावलेली. पण दिवेआगरच्या त्या रिसॉर्टवर हिशेबनीस म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात शेठनी मला शहाळं पाजून सांगितलं, "सुधाकरराव, विसावा माणूस आपल्याकडे नाही. दिसला तरी नाही."

शेठ मला 'सुधाकरराव' म्हणाले की काहीतरी नियमाबाहेरचं काम आहे असं समजायचं. एरवी मी 'सुधाकर'. हिशेब जुळला नाही तर 'अहो कारकून'.

नारळी-पोफळीच्या वाडीत बारा खोल्या, पुढे अंगण, अंगणापलीकडे सुरूची झाडं आणि मग समुद्र, असा कारभार. मी राहायला बोर्ली पंचतनला. स्कूटरवरून दहा-बारा मिनिटांत कामावर. मी घरीदारी फार बोलत नाही. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा गल्ल्याची पेटी बरी, उघडताना निदान आवाज तरी करते. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा' म्हटलं तेव्हा मी दोन वर्षं नाही म्हणत आलो. गमती खूप आहेत. त्यांच्या खाली काय आहे ते लिहायचं की नाही, हे ठरत नव्हतं.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

एखाद्या ठिकाणी वीस माणसं कामाला असली की भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, लागू होतो. एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी केली तरी सुटका नाही. म्हणून विसाव्या माणसाची एवढी भीती. तो एकटा येत नाही, मागच्या एकोणिसांना घेऊन येतो.

आता दहा हजार पगार धरा. कामगाराच्या पगारातून बाराशे कापायचे आणि मालकाने स्वतःच्या खिशातून तेवढेच बाराशे घालायचे. कामगाराचे बाराशे त्याच्या खात्यात जातात. मालकाच्या बाराशेतले आठशे तेहेतीस पेन्शनकडे, उरलेले तीनशे सदुसष्ट पुन्हा कामगाराच्याच खात्यात. दहा वर्षांची नोकरी भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन. एवढं सोपं आहे. पण पगाराच्या चिठ्ठीवर 'कपात' म्हणून जो रकाना असतो, त्यात कामगाराला स्वतःचे बाराशेच दिसतात. मालकाचे बाराशे वेगळ्या कागदावर असतात, आणि तो कागद हिशेबनिसाच्या कपाटात. त्यामुळे बहुतेकांचा समज असा की पीएफ म्हणजे पगार कापणं. काही ठिकाणचे मालक तर दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून कापतात आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करतात. आमचे शेठ तसले नव्हते. ते कोणाचंच काही कापत नव्हते, म्हणजे स्वतःचंही भरत नव्हते.

शेठना आवडायचा तो व्यवसाय कर. तो सगळा कामगाराचा, त्यात मालकाचा वाटा नाही. "कायदा करावा तर असा," म्हणायचे.

माझं काम सोपं होतं. नवा माणूस कामाला आला की मी त्याला विचारायचो, "पीएफ कापू का? हातात पगार कमी येईल."

समोरचा घाबरून म्हणायचा, "न्हाय न्हाय, कापू नको हां!"

मी मान डोलवायचो. वास्तविक हे विचारायचं नसतंच. कायद्यात कामगाराच्या आवडीनिवडीला जागा नाही. पण विचारल्यामुळे मला बरं वाटायचं. मी कोणाशी एक शब्द खोटा बोललो नव्हतो.

द्वारकामावशीलाही मी असंच विचारलं होतं. ती विसावी.

खोल्या झाडणं, चादरी धुणं, वाळवणं, घड्या घालणं ही तिची कामं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी, पण सगळे मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागलो. "मावशी म्हनतोस," ती म्हणाली, "आरशात बग जरा. माझा काका दिसतोस." चौथीपर्यंत शिकलेली. नवरा होडीवर जायचा, तो गेल्यावर एका लेकीचं लग्न तिने या चादरींवर केलं. तिच्या धुतलेल्या चादरीवर डाग शोधून दाखवा अशी पैज लावावी.

शेठनी सगळ्यांना गणवेश शिवले होते, निळा सदरा आणि खिशावर नारळाचं झाड. शिवले एकोणीसच. मावशीने तिचं माप द्यायला नकार दिला होता. "ह्ये पांघरून मी घालायची न्हाय. माझी साडी काय वाईट हाय?" शेठना एका गणवेशाचे पैसे वाचल्याचा आनंद झाला. त्याचा असाही उपयोग होईल हे तेव्हा त्यांच्याही डोक्यात नव्हतं.

पहिल्यांदा पीएफचे निरीक्षक आले तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. बोर्लीच्या नाक्यावर त्यांनी आमचा पत्ता विचारला आणि नाक्यावरच्या चहावाल्याने पत्ता सांगून लगेच मला फोन केला. "सुधाकर, चष्मेवाला साहेब हाय, फाइल हाय हातात. आला बग."

शेठनी अंगणात नजर फिरवली. निळे सदरे एकोणीस. दोरीवर चादरी टाकणारी एक हिरवी साडी.

"सुधाकरराव," शेठ म्हणाले, "हिला पाहुणी करा."

"पाहुनी? कुनाची?" मावशी.

"आपलीच. तासभर. चार नंबरच्या खोलीत बसायचं आणि काही बोलायचं नाही."

"चारचा नळ गळतो. मला सातवी द्या."

वाद घालायला वेळ नव्हता. सातवी दिली. पाहुणा म्हटला की पाहुण्यांच्या नोंदवहीत नाव हवं, म्हणून मी वही पुढे ओढली. नाव लिहिलं. गाव कुठलं, असं सवयीने विचारलं. तिने सवयीने सांगितलं. मी सवयीने लिहिलं, 'बोर्ली पंचतन'. येण्याचं कारण, 'पर्यटन'. सही तिने स्वतः केली, प्रत्येक अक्षराला वेगळा श्वास घेत. पाच किलोमीटरवरून पर्यटनाला आलेली ही बाई माझ्याच अक्षरात कायमची नोंदली गेली, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

निरीक्षक सज्जन माणूस होता. हजेरीपुस्तक पाहिलं, माणसं मोजली, एकोणीस भरली. तेवढ्यात मावशी खोलीतून बाहेर आली. आत गुदमरायला होतं म्हणे. कोणा पाहुण्याचा विसरलेला काळा चष्मा तिने चढवला होता. ओसरीवरच्या वेताच्या आरामखुर्चीत बसली तर पाय जमिनीला टेकेनात.

नरेश नावाचा आमचा वाढपी होता. तो नात्याने तिचा भाचा. त्याला शेठनी डोळ्यांनी खुणावलं. तो कोकम सरबत घेऊन गेला आणि म्हणाला, "मॅडम, सरबत."

"मॅडम काय रे मेल्या," मावशी हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू जातो. मग तिने एक घोट घेतला. "पाहुन्यांना ह्येच देता तुमी? नुसतं पानी हाय."

निरीक्षकांनी मान वर केली. शेठ हसले. "मुंबईकडचे पाहुणे, साहेब. मोकळे असतात."

पाच मिनिटं ती बसली. तिच्या आयुष्यात दिवसाउजेडी रिकामी बसलेली ती बहुधा पहिलीच पाच मिनिटं असावीत. मग एक वाळलेली झावळी अंगणात पडली. मावशी उठली. झावळी ओढून बाजूला टाकली, कुंपणाला टेकवलेला खराटा घेतला, पदर खोचला आणि काळ्या चष्म्यासकट अंगण झाडू लागली.

निरीक्षकांचं पेन थांबलं. "त्या बाई झाडतायत का?"

शेठचा चेहरा पांढरा पडला. मी कधी बोलत नाही. त्या दिवशी नको तिथे बोललो. "साहेब, हल्ली पाहुण्यांना गावचा अनुभव हवा असतो. झाडणं, शेंदणं, नारळ सोलणं. त्याचे वेगळे पैसे देतात ते."

"झाडायचे पैसे देतात?"

"हो साहेब."

"कमाल आहे," निरीक्षक म्हणाले आणि बराच वेळ खराट्याकडे पाहत राहिले. "किती?"

"अर्ध्या तासाचे दोनशे," शेठ म्हणाले. त्यांना आता सूर सापडला होता.

निरीक्षक जेवायला थांबले. सुरमईच्या ताटाचे पैसे आधी मोजून दिले, मगच बसले. त्याच टेबलाशी समोर आमची पाहुणी, बाजूला मी. त्यांनी सौजन्याने विचारलं, "कसं वाटलं इथे, बाई?"

"जागा बरी हाय. शेठ चिकट हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी काय आज आलेय?" ती म्हणाली. मी टेबलाखालून पायाने खुणावलं, पण तो पाय निरीक्षकांचा निघाला.

जाता जाता त्यांनी अभिप्रायाची वही मागून दोन चांगली वाक्यं लिहिली. मग वही पाहुणीपुढे धरली. मावशीने पेन घेतलं, विचार केला, आणि लिहिलं, 'चादरी चांगल्या धुतल्या आहेत. भात कच्चा.'

पुढच्या हंगामात शेठनी फलकावर खरोखरच 'वाडी अनुभव' लावला. झाडणं दोनशे, नारळ सोलणं तीनशे, विहिरीचं पाणी शेंदणं लहान मुलांना अर्ध्या दरात. लोकांनी रांगा लावल्या. पुण्याचे एक बँक मॅनेजर तीन दिवस अंगण झाडत होते, मावशी मागे उभी राहून सांगायची, "कोपरा ऱ्हायला. पैसे देऊन झाडताय तर नीट तरी झाडा." पाहुणे झाडायचे आणि झाडणारी पाहुणी व्हायची, असे ते दिवस.

असे निरीक्षक, कधी एका खात्याचे कधी दुसऱ्या, बारा वर्षांत सात वेळा आले. प्रत्येक वेळी माणूस वेगळा. प्रत्येक वेळी सातवी खोली, नोंदवही, सही, पर्यटन. मावशी त्यात रुळली. शेवटी शेवटी तर ती स्वतःच विचारायची, "सुधाकर, बरेच दिवसांत पाहुनी झाले न्हाय. सायबाची तब्येत बरी हाय ना?" शहाळ्यात नळ्या दोन असाव्यात अशीही तिची अट होती. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त तेच टोचतंय. आणि अजून एक गोष्ट आहे, ती इथेच सांगायला हवी होती, पण धीर होत नाहीये. पुढे सांगतो.

मग वादळ आलं. टाळेबंदी चालूच होती, त्यात जूनच्या सुरुवातीला वादळ. आमच्या किनाऱ्यावर त्याने काय केलं ते मी सांगायला नको. पोफळी अशा मोडल्या होत्या की वाडीतून थेट समुद्र दिसायला लागला. रिसॉर्ट बंद पडलं. शेठनी सगळ्यांना तांदळाची एकेक गोणी दिली आणि "उघडलं की बोलावतो" म्हणून घरी धाडलं. तेही खचले होते, ते मी पाहिलंय.

मावशीच्या घराचे पत्रे उडाले होते. तिच्या शेजारी मंजुळा नावाची बाई राहते. ती माणगावकडच्या एका कारखान्यात होती. तिने पीएफमधून पैसे काढले आणि महिन्याभरात नवे पत्रे चढवले. मावशी ताडपत्रीखाली बसून ते पत्रे चढताना बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात.

"सुधाकर, एक इचारायचंय. मंजुळीचे पैसे कापत व्हते."

"हो. पीएफ."

"तिने चिठ्ठ्या ठेवल्यात सगळ्या. आमी दोघींनी बसून जमवलं. कापले त्याच्याहून जास्त आले. ह्ये जास्तीचे कुटले?"

"व्याज असेल," मी म्हणालो.

"व्याज मला कळतं. बचत गटात हाय मी. व्याजापेक्षा जास्त हायत. आनि वर पेन्शन मिळनार म्हनते, तिचा एक पैसा कापला न्हाय त्याला. कोन देतं?"

बायको आत भांडी घासत होती, ती थांबल्याचं मला ऐकू आलं.

"मालक," मी म्हणालो.

"कंचा मालक?"

"कोणताही. जेवढे कामगाराचे, तेवढेच मालकाने घालायचे असतात."

मावशी उंबऱ्यावर बसली. कमरेला खोचून आणलेली ताडपत्रीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"तू मला इचारलं व्हतंस, कापू का."

"हो."

"शेठ तेवढेच घालतो म्हनाला न्हायस."

"नाही."

"म्हनला असतास तर मी कशाला नको म्हनले असते, सुधाकर? एवडी येडी हाय मी?"

ती उठून गेली. बायकोने त्या दिवशी मला जेवायला वाढलं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली.

चार दिवसांनी मी पत्र्यांसाठी थोडे पैसे घेऊन मावशीकडे गेलो. पैसे तिने घेतले नाहीत. पण दारात आलेल्याला चहा न देता पाठवायची तिची रीत नाही. कप आला, त्यात अर्धाच चहा.

"दूध संपलं का मावशी?"

"न्हाय. तू अर्धं सांगितलंस, अर्धा च्या."

मी तो प्यायलो. 'अर्धा कप द्या' असं लोक सहज बोलून जातात, पण एकावन्नाव्या की बावन्नाव्या वर्षी अर्धा कप चहा गिळायला किती जड असतो ते मला त्या दिवशी समजलं.

तरी पीएफ कार्यालयाकडे अर्ज करायला मी वर्ष लावलं. कारणं बरीच होती. शेठचं नुकसान झालेलं, माझी मुलगी शिकत होती, रिसॉर्ट पुन्हा उघडत होतं. खरं कारण म्हणजे भीती. दरम्यान दर पंधरा दिवसांनी मी मावशीकडे जात होतो आणि अर्धा कप पीत होतो. शेवटी एकदा तिनेच सांगितलं, "माझी छप्पन सरली. अठ्ठावन्नला पेन्शन मिळते म्हनतोस. तू कागद करतोस, की मीच जाऊन सायबाला सांगू, मी पाहुनी न्हाय म्हनून?"

मी अर्ज लिहिला. सगळ्या विसांची नावं घातली. तो कार्यालयात दिला, शेठच्या नावाने माझा राजीनामा लिहिला आणि अर्जाची प्रत व राजीनामा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

शेठनी चष्मा लावून वाचलं. "सुधाकरराव, तुझंही नाव येईल यात."

घाबरले की त्यांचं 'राव' आणि 'तू' एकाच वाक्यात यायचं.

"येऊ दे," मी म्हणालो.

सुनावणीला तारखांवर तारखा पडल्या. शेवटच्या तारखेला मावशी आणि मी पहाटेची एसटी धरून पीएफच्या कार्यालयात गेलो. अधिकारी बाई होत्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. शेठतर्फे अलिबागचे वकील. त्यांनी सुरुवातच जोरात केली. "या बाई कामगार नव्हत्याच. वेळोवेळी येणाऱ्या पाहुण्या होत्या. हा घ्या पुरावा." आणि पाहुण्यांची नोंदवही टेबलावर ठेवली. एका वहीत मावत नव्हतं, म्हणून चार वह्या आणि सोबत अभिप्रायाचीही.

अधिकारी बाईंनी खुणेचे कागद लावलेली पानं शांतपणे उलटली. सातही नोंदी वाचल्या.

"या बाई बोर्ली पंचतनहून दिवेआगरला पर्यटनाला येत होत्या?"

"समुद्राची आवड," वकील म्हणाले.

"बोर्लीतला समुद्राची आवड असलेला माणूस चालत जाऊन परत येईल. आणि या सातही तारखा तपासणीच्या कशा? दोन आमच्याच कार्यालयाच्या आहेत, बाकीच्या अर्जात दिल्यात." मग त्यांनी अभिप्राय वाचायला सुरुवात केली. "'चादरी चांगल्या धुतल्या आहेत. भात कच्चा.' 'सातव्या खोलीतली उशी फाटली आहे, शेठला सांगून दमले.' 'या खेपेला चादरींना नीळ कमी, सामान वेळेवर आणत नाहीत.'" त्यांनी वर पाहिलं. "आणि सात खेपांत एकदाही बिल नाही?"

वकिलांनी शेठकडे पाहिलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मावशीने कोणाकडेच पाहिलं नाही.

"बिल कसलं, बाई?" ती म्हणाली. "मी पगार घेऊन जायचे."

कोपऱ्यातला कारकूनसुद्धा हसला. दर महिन्याला 'चादर धुलाई' म्हणून मी तिच्या नावाने फाडलेल्या पावत्या मीच आणल्या होत्या, त्या पुढे ठेवल्या. काम जमलं असं वाटत होतं. तेवढ्यात अधिकारी बाईंनी सहज विचारलं, "सुधाकर, कायदा तुम्हाला माहीत होता. मग तुम्ही स्वतः बारा वर्षं पीएफशिवाय कसे राहिलात?"

हीच ती गोष्ट. शेठ दर दिवाळीला मला एक पाकीट द्यायचे. त्यात माझ्या वर्षाच्या पगाराचे बारा टक्के, नव्या नोटांत. "मालकाचा हिस्सा, सुधाकरराव. तुम्हाला माहीत आहे म्हणून." वीस माणसांत मालकाचा हिस्सा एकट्या मला मिळत होता, इतरांना तो असतो हे न सांगण्याबद्दल. त्या पाकिटांवर माझी स्कूटर आली. त्याच स्कूटरवरून पगाराच्या दिवशी मी मावशीला कितीदा घरी सोडलं असेल.

मी हे सगळं तिथे सांगितलं. अधिकारी बाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपला हिस्सा किती होतो हे मालकांना पैशापर्यंत ठाऊक होतं." वकिलांनी वह्या पिशवीत भरायला घेतल्या.

मावशी माझ्याकडे वळून बघत होती. मंजुळेच्या पैशांबद्दल विचारायला आली तेव्हासुद्धा तिने असं पाहिलं नव्हतं. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली.

"मावशी, बसू का?"

"पिशवी बसलीय."

श्रीवर्धन तालुका लागेपर्यंत मी उभा होतो. तिथे तिने पिशवी मांडीवर घेतली.

निकाल विसांच्या बाजूने लागला. त्यात शेठना एक गोष्ट पचायला फार जड गेली. कामगाराचा हिस्सा त्या त्या महिन्याच्या पगारातूनच कापायचा असतो. तेव्हा कापला नाही तर मागाहून कामगाराकडून मागता येत नाही. म्हणजे मागच्या सगळ्या वर्षांचे दोन्ही हिस्से शेठनीच भरायचे, वर व्याज आणि दंड. शेठनी हप्ते पाडून घेतले आणि भरले. पुढे एकदा बोर्लीच्या बाजारात भेटले. वांगी निवडत होते. "काय कारकून," म्हणाले, "वीस मोजायला कधी शिकलास?" मग एक वांगं माझ्यापुढे धरून, "हे बघ, किडकं आहे का?" मी किडकं आहे म्हणालो. त्यांनी ते परत टाकलं.

मी आता त्याच बाजारात एक टेबल टाकून बसतो. आजूबाजूच्या रिसॉर्टवर काम करणाऱ्या बाया पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन येतात, मी त्यांना दोन्ही रकाने समजावून सांगतो. न दिसणारा आधी. मावशी मधूनमधून येऊन शेजारी बसते आणि मी काही गाळतोय का ते ऐकते. मंगळवारी बाजारात गर्दी असते तेव्हा तीच बायांना पकडून आणते. "बस हितं. आनि ह्याला इचार, दुसरं अर्धं कुटं हाय."

तिचं पेन्शन सुरू झालं. बाराशे आणि वर काही रुपये. सातव्या खोलीची एक रात्रही त्यात येत नाही. तिने फोन करून विचारलं होतं. पत्रे मात्र पीएफच्या पैशांतून चढले, मंजुळेच्या पत्र्यांपेक्षा जाड.

चहा अजून अर्धाच मिळतो. निकाल लागला, पेन्शन आलं, तरी अर्धाच. मागच्या महिन्यात मी विचारलं, "मावशी, आता तर सगळं सांगून झालं."

"हापिसात सांगितलंस. बाईने इचारलं म्हनून. आपन होऊन कुनाला सांगितलंस?"

म्हणून हा लेख. पहिला खर्डा मी तिला तिच्या ओटीवर बसून वाचून दाखवला. चष्म्याच्या आणि खराट्याच्या जागी ती पोट धरून हसली. शेवटी तिने विचारलं, "छापनार ह्ये?"

"छापणार."

"पाकिटाचं पन?"

"पाकिटाचं पण."

"स्कूटरचं?"

"हो."

ती कप उचलून आत जाताना म्हणाली, "छापून येऊ दे. मग बगू. सगळं आलं तर कप भरून."

तेव्हा संपादकसाहेब, एक विनंती. जागा कमी पडते आणि तुम्हाला लेख लहान करावे लागतात, हे मला माहीत आहे. खराट्याची गंमत काढलीत तरी चालेल. पाकिटाचा परिच्छेद काढू नका. आणि कृपा करून फोनवर मला 'कापू का' असं विचारू नका. माझं उत्तर ऐकायला मावशी शेजारीच बसलेली असेल.